फॅरड प्रति ग्रॅम: सुपरकपॅसिटर बनवतात कसा आणि मोजतात कसा

सुपरकपॅसिटर म्हणजे वीज साठवून ती झटकन परत देणारं उपकरण. त्याच्यावरचा कुठलाही शोधनिबंध उघडा, सारांशातच एक आकडा छाती काढून उभा असतो: ८०० फॅरड प्रति ग्रॅम, १,५०० फॅरड प्रति ग्रॅम, कधी त्याहूनही जास्त. आकडा खोटा असतो असं नाही. पण तो किती मिलिग्रॅमवर मोजला, किती इलेक्ट्रोड (प्रवाह आत-बाहेर नेणारे तुकडे) लावून मोजला, व्होल्टेज कुठून कुठपर्यंत नेलं, हे कळल्याशिवाय त्यावरून काहीच ठरवता येत नाही. म्हणून खलात पूड घोटण्यापासून पोटेन्शिओस्टॅट या मोजणीच्या यंत्राच्या पडद्यावरच्या रेषेपर्यंत हा आकडा तयार कसा होतो, ते बघू.

आधी फॅरडचा अंदाज घेऊ. एक अँपिअर प्रवाह एक सेकंद आत सोडल्यावर ज्याचं व्होल्टेज बरोबर एक व्होल्टने वाढतं, त्या कपॅसिटरची क्षमता एक फॅरड. छताच्या पंख्यात असतो तो कपॅसिटर बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा, म्हणजे एका फॅरडचा चार लाखावा भाग. त्यात धातूचे दोन पातळ थर आणि मध्ये प्लॅस्टिकची फिल्म, एवढंच. थर जितके मोठे आणि एकमेकांच्या जितके जवळ, तितकी क्षमता जास्त.

सुपरकपॅसिटरमध्ये हे दोन्ही नियम टोकाला नेलेले असतात. कार्बनचा तुकडा क्षार विरघळलेल्या पाण्यात बुडवला आणि त्यावर ऋण प्रभार आणला, की पाण्यातले धन आयन त्याच्या पृष्ठभागाला येऊन चिकटल्यासारखे रांग लावतात. कार्बनमधला प्रभार आणि ही रांग यांच्यातलं अंतर एका नॅनोमीटरहूनही कमी असतं. रासायनिक बंध तुटत नाही, नवा जुळत नाही. या दुहेरी थराची कल्पना जर्मन शास्त्रज्ञ हरमान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्ये मांडली होती. अंतराचा प्रश्न असा निसर्गानेच सोडवला. क्षेत्रफळाचा प्रश्न सच्छिद्र कार्बन सोडवतो. चांगल्या सक्रिय कार्बनच्या एका ग्रॅममध्ये सगळ्या छिद्रांच्या भिंती धरून सुमारे १,५०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो, म्हणजे जवळपास पंधरा गुंठे. दर चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोफॅरड धरले तर एका ग्रॅमला १५० फॅरड. पाण्यातल्या इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजे आयन असलेल्या द्रावणात, कार्बनचे खरे आकडेही बहुतेक १०० ते २०० च्या आसपासच येतात. साध्या कार्बनसाठी कुणी ६०० सांगत असेल, तर आधी त्याचं गणित तपासावं.

सच्छिद्र कार्बनच्या अशा कपॅसिटरचं पेटंट जनरल इलेक्ट्रिकच्या हॉवर्ड बेकर यांना १९५७ मध्ये मिळालं. १९७८ मध्ये जपानच्या एनईसी कंपनीने तो ‘सुपरकपॅसिटर’ या नावाने बाजारात आणला. दरम्यान १९७१ मध्ये त्रासात्ती आणि बुझांका या संशोधकांनी रुथेनियम ऑक्साइडचा अभ्यास करताना एक वेगळीच गोष्ट दाखवली: तिथे प्रभार नुसता पृष्ठभागावर थांबत नाही, ऑक्साइडशी प्रत्यक्ष विद्युत-रासायनिक अभिक्रिया होते, तरी आलेख मात्र कपॅसिटरसारखाच येतो. याला स्यूडोकपॅसिटन्स म्हणतात. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठाचे ब्रायन कॉनवे यांनी पुढे त्याचा पाया पक्का केला. रुथेनियम फार महाग, म्हणून स्वस्त पर्यायाचा शोध सुरू झाला. १९९९ मध्ये ली आणि गुडइनफ या संशोधकांनी मँगनीज डायऑक्साइड हेच काम साध्या पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणातही करतो हे दाखवलं. त्यानंतर धातूंच्या ऑक्साइडवरच्या निबंधांचा पूर आला, तो अजून ओसरलेला नाही.

आता बनवण्याकडे वळू. कार्बन विकत मिळतो, आणि बाजारातला बराचसा नारळाच्या करवंटीपासूनच बनवलेला असतो. प्रयोगशाळेत स्वतः करायचा तर करवंटीचा आधी कोळसा करायचा, मग त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून ट्यूब फर्नेसमध्ये नायट्रोजन किंवा आर्गॉनच्या प्रवाहात ७०० ते ८०० अंश सेल्सिअसवर तापवायचा. हायड्रॉक्साइड कार्बनला आतून कुरतडत जातो आणि छिद्रं पडतात. या अभिक्रियेत थोडं पोटॅशियम धातुरूपात सुटतं आणि नळीच्या थंड टोकाला जमतं. नळी गार झाली म्हणून थेट पाण्याखाली धरली तर ते पेट घेऊ शकतं. नंतर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि मग गरम पाण्याने, धुवणाचा पीएच ७ वर येईपर्यंत धूत राहायचं. हे काम कंटाळवाणं असतं आणि नेमकं तेच अर्धवट सोडलं जातं. छिद्रांत अडकलेला क्षार मग तुमच्या वजनातही येतो आणि मोजमापातही. केळ्याची सालं, शेंगांची टरफलं, पाइनचे काटे असं काय काय जाळून झालेले निबंध रगड आहेत. कच्चा माल बदलला की बातमी होते, पण आलेख बहुतेक वेळा छिद्रांच्या आकाराप्रमाणेच येतो.

पूड तयार झाली की तिचा इलेक्ट्रोड करायचा. रूढ प्रमाण वजनाने ८०:१०:१०. म्हणजे ८० भाग आपला पदार्थ, १० भाग वीज नीट वाहावी म्हणून कार्बन ब्लॅक आणि १० भाग चिकटवायला बाइंडर, बहुधा पीव्हीडीएफ. पीव्हीडीएफ एनएमपी नावाच्या द्रावकात विरघळतो. एनएमपी प्रजननाला घातक आहे, तेव्हा हे काम हातमोजे घालून फ्युम हूडमध्येच करायचं. अगेटच्या खलात सगळं घोटून स्लरी (पातळसर लगदा) करायची आणि कार्बन पेपर, स्टील किंवा निकेल फोमच्या (स्पंजासारख्या निकेलच्या) एक चौरस सेंटिमीटर भागावर पसरायची. एनएमपीचा उत्कलनबिंदू २०२ अंश असल्याने नुसत्या हवेत ते लवकर जात नाही, व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ८० अंशांवर रात्रभर ठेवावं लागतं. पीव्हीडीएफला पाणी आवडत नाही, म्हणून चाचणीआधी इलेक्ट्रोड काही तास इलेक्ट्रोलाइटमध्ये भिजत ठेवायचा.

ऑक्साइडसाठी बाइंडर टाळण्याचीही एक वाट आहे आणि ती आपल्याकडे चांगली रुळली आहे. सिलार या पद्धतीत चार बीकर मांडतात: पहिल्यात धातूचा क्षार, दुसऱ्यात नुसतं डीआय (आयन काढून टाकलेलं) पाणी, तिसऱ्यात अभिक्रिया घडवणारं द्रावण, चौथ्यात पुन्हा पाणी. स्टीलची किंवा काचेची पट्टी आळीपाळीने चारही बीकरांत बुडवत राहिलं की दर फेरीला पदार्थाचा एक अतिशय पातळ थर चढतो. व्हॅक्यूम पंप नको, महागडं यंत्र नको. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे यांच्या गटाने अशा रासायनिक पद्धतींनी थिन फिल्म बनवण्याचं आणि त्या सुपरकपॅसिटरसाठी वापरण्याचं मोठं काम केलं आहे.

यानंतरची पायरी सगळ्यांत साधी दिसते, आणि माझ्या मते निम्मे वाद तिथेच सुरू होतात. ती म्हणजे वजन. पदार्थ चढवण्याआधीचं आणि नंतरचं वजन यांतला फरक म्हणजे पदार्थ. समजा इलेक्ट्रोडची क्षमता ०.१ फॅरड आली आणि वजनातला फरक ०.५ मिलिग्रॅम. भागाकार केला: २०० फॅरड प्रति ग्रॅम. पण तराजू ०.१ मिलिग्रॅमपर्यंतच दाखवणारा असेल तर खरं वजन ०.४ असू शकतं किंवा ०.६ सुद्धा. उत्तर २५० किंवा १६७. इलेक्ट्रोड तोच, मोजमाप तेच. त्यात सक्रिय कार्बन हवेतली ओल शोषतो. पावसाळ्यात ओव्हनमधून काढलेला इलेक्ट्रोड तराजूवर ठेवला की आकडा डोळ्यांदेखत चढत जातो. म्हणून तो डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, गार करायचा आणि चटकन तोलायचा. निकेल फोमवर गरम द्रावणात थेट पदार्थ वाढवला असेल तर गोष्ट आणखी बिकट, कारण फोम स्वतःच थोडा झिजलेला किंवा ऑक्सिडाइझ झालेला असतो आणि वजनातला फरक नेमका कशाचा हे सांगता येत नाही.

मोजायला बसलं की पहिली मांडणी तीन इलेक्ट्रोडची. आपला इलेक्ट्रोड, प्रवाह पूर्ण करायला प्लॅटिनम किंवा ग्रॅफाइटचा काउंटर इलेक्ट्रोड, आणि व्होल्टेज कशाच्या तुलनेत मोजायचं ते ठरवणारा रेफरन्स. रेफरन्समधून प्रवाह जवळपास जातच नाही, त्याचं काम फक्त जागेवर स्थिर राहण्याचं. ६ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारख्या तीव्र आम्लारी द्रावणात मर्क्युरी-मर्क्युरी ऑक्साइडचा रेफरन्स घ्यावा. सवयीने सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा टाकला तर तो हळूहळू बिघडतो आणि सगळे आलेख एका बाजूला सरकत जातात. सोडियम सल्फेटसारख्या उदासीन द्रावणात मात्र तो चांगला चालतो.

पहिली चाचणी सायक्लिक व्होल्टॅमेट्री, म्हणजे सीव्ही. व्होल्टेज ठरलेल्या वेगाने वर न्यायचं, त्याच वेगाने खाली आणायचं आणि प्रवाह नोंदवायचा. आदर्श कपॅसिटरमध्ये प्रवाह म्हणजे क्षमता गुणिले वेग. एक मिलिग्रॅम पदार्थ, २०० फॅरड प्रति ग्रॅम, म्हणजे ०.२ फॅरड. वेग सेकंदाला १० मिलिव्होल्ट ठेवला तर प्रवाह २ मिलिअँपिअर, जाताना अधिक, येताना उणे. वेग बदलत नाही म्हणून प्रवाहही बदलत नाही, आणि आलेख आयताकृती येतो. हा आयत सुपरकपॅसिटरची ओळख आहे. वेग १०० मिलिव्होल्टपर्यंत वाढवला की कोपरे गोल होतात आणि आयत तिरका होऊन पानासारखा दिसू लागतो, कारण आयनांना आतल्या छिद्रांपर्यंत पोचायला सवड मिळत नाही.

आयताच्या उजव्या टोकाला प्रवाह एकदम शेपटीसारखा वर गेला, तर ती क्षमता नव्हे. ते पाणी फुटतंय आणि ऑक्सिजन सुटतोय. पाण्याच्या विघटनाची मर्यादा १.२३ व्होल्ट, प्रत्यक्षात उदासीन द्रावणात थोडं पुढे जाता येतं. ती शेपटी क्षेत्रफळात धरून क्षमता काढली की आकडा फुगतो. म्हणून व्होल्टेजची खिडकी, म्हणजे ते कुठून कुठपर्यंत न्यायचं ती हद्द, ठरवताना ती ०.१ व्होल्टच्या टप्प्यांनी वाढवत जायचं आणि शेपटी दिसली की एक टप्पा मागे यायचं.

क्षमता सांगायला सीव्हीपेक्षा गॅल्व्हनोस्टॅटिक चार्ज-डिस्चार्ज, म्हणजे जीसीडी, जास्त विश्वासाची. इथे प्रवाह ठरलेला असतो आणि व्होल्टेज वेळेनुसार नोंदवतात. कपॅसिटरचा आलेख त्रिकोणी येतो: सरळ चढण, सरळ उतरण. एक मिलिग्रॅम पदार्थावर १ मिलिअँपिअर लावला, म्हणजे १ अँपिअर प्रति ग्रॅम, आणि एक व्होल्ट उतरायला १८० सेकंद लागले तर १८० फॅरड प्रति ग्रॅम. उतरण सुरू होताना अगदी पहिल्या क्षणी व्होल्टेज पायरीसारखं खाली पडतं. तो अंतर्गत रोधाचा परिणाम. प्रवाहाची दिशा अधिकाची उणे होते, म्हणून ही पायरी प्रवाह गुणिले रोधाच्या दुप्पट असते. ती वगळूनच उतार मोजायचा.

त्रिकोणाऐवजी मध्ये पठार दिसलं तर तो कपॅसिटर नाही, बॅटरी आहे. निकेल आणि कोबाल्टची हायड्रॉक्साइडं आम्लारी द्रावणात अशीच वागतात. त्यांना फॅरडमध्ये मोजणं चुकीचं, मिलिअँपिअर-तासात मोजायला हवं. तरी फॅरड का लिहितात, ते गणितात दिसतं. समजा पदार्थाने १०० मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम प्रभार दिला. म्हणजे ३६० कूलंब. त्याला खिडकीच्या ०.४ व्होल्टने भागलं की ९०० फॅरड प्रति ग्रॅम. खिडकी जितकी अरुंद, उत्तर तितकं मोठं! शिवाय या पदार्थांखाली बहुतेक वेळा निकेल फोम असतो, आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये त्या फोमच्या पृष्ठभागावर आपोआप निकेल हायड्रॉक्साइड तयार होतं. तो स्वतःच प्रवाह देतो. पदार्थ न लावलेला कोरा फोम त्याच अटींखाली तपासून त्याचा आलेख शेजारी द्यावा, ही मागणी परीक्षकांनी केली की बऱ्याच निबंधांचा आवाज खाली येतो.

एवढं झालं तरी अजून उपकरण बनलेलंच नाही. तीन इलेक्ट्रोडच्या मांडणीत आपण फक्त एका इलेक्ट्रोडची क्षमता मोजली. खऱ्या सुपरकपॅसिटरला दोन लागतात, मध्ये इलेक्ट्रोलाइटने भिजवलेला फिल्टर पेपर किंवा ग्लास फायबरचा सेपरेटर, आणि हे सगळं कॉइन सेलमध्ये किंवा स्वॅजलॉक सेलमध्ये दाबून बसवलेलं. दोन सारखे कपॅसिटर एकामागे एक जोडले की क्षमता निम्मी होते, आणि पदार्थाचं वजन तर दुप्पट. म्हणजे प्रति ग्रॅम आकडा थेट एक चतुर्थांश. २०० चे ५० झाले, आणि यात कुणाचीही चूक नाही. मात्र ऊर्जा मोजताना एका इलेक्ट्रोडचे २०० घेऊन ‘किलोला अमुक वॉट-तास’ लिहिलं तर ती चूक आहे. ऊर्जा नेहमी दोन इलेक्ट्रोडच्या सेलवरूनच काढायची.

दोन बाजूंना वेगळे पदार्थ असतील, एकीकडे मँगनीज डायऑक्साइड आणि दुसरीकडे कार्बन, तर वजनाचा तोल जुळवावा लागतो, कारण दोन्हीकडचा प्रभार सारखाच असायला हवा. ऑक्साइड २५० फॅरड प्रति ग्रॅम आणि खिडकी ०.८ व्होल्ट, म्हणजे ग्रॅमला २०० कूलंब. कार्बन १५० फॅरड आणि १ व्होल्ट, म्हणजे १५० कूलंब. तेव्हा ४ मिलिग्रॅम कार्बनसमोर ३ मिलिग्रॅम ऑक्साइड. दोन्ही बाजू एकाच वजनाच्या ठेवल्या तर कार्बनची बाजू आपली हद्द ओलांडते आणि तिथे पाणी फुटू लागतं.

बाजारातल्या एका ओळखीच्या सेलचा हिशोब करून बघा. क्षमता ३,००० फॅरड, व्होल्टेज २.७, वजन सुमारे ५१० ग्रॅम. भागाकार केला तर ६ फॅरड प्रति ग्रॅमसुद्धा येत नाही. आतल्या कार्बनचा आकडा १०० च्या आसपास असला तरी चौपटीचा नियम लागून तो २५ वर येतो, आणि पूर्ण सेलच्या वजनात कार्बनचा वाटा साधारण तीन दशांशच असतो. बाकी ॲल्युमिनियम, सेपरेटर, इलेक्ट्रोलाइट आणि डबा. या सेलमध्ये ३ वॉट-तास ऊर्जा मावते, किलोला सुमारे ६. लिथियम-आयन सेल किलोला १५० ते २५० देतो. सुपरकपॅसिटरची बाजू ऊर्जेत नाही, वेगात आणि आयुष्यात आहे. शांघायमध्ये २००६ पासून एका मार्गावर थांब्याथांब्याला चार्ज होणाऱ्या बस चालल्या, त्या याच जोरावर.

युरी गोगोत्सी आणि पॅट्रिस सिमॉन या संशोधकांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हाच मुद्दा उचलला होता. बाजारातल्या इलेक्ट्रोडवर कार्बनचा थर १०० ते २०० मायक्रॉन जाड, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० मिलिग्रॅम असतो. दहावा-विसावा हिस्सा जाडीच्या थरावर मोजलेला झगझगीत आकडा पूर्ण सेलला लावला तर डब्याचं वजन त्याला गिळून टाकतं. पातळ थर अभ्यासासाठी उत्तमच, आयनांना खोल जावं लागत नाही म्हणून पदार्थाची कमाल कळते. फक्त दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम होतं ते आकड्याच्या शेजारी छापायला हवं.

पाण्याऐवजी ॲसिटोनायट्राइलसारखं सेंद्रिय द्रावक का घेतात, याचं उत्तर ऊर्जेच्या सूत्रात आहे. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून १ व्होल्टचे २.७ झाले की ऊर्जा सातपटीहून थोडी जास्त. त्यासाठी मात्र ओलावा नसलेला ग्लव्हबॉक्स (बाहेरून हातमोज्यांनी काम करायची बंद पेटी) लागतो.

इम्पीडन्सबद्दल, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणाऱ्या एकूण अडथळ्याबद्दल, थोडक्यात. ५ ते १० मिलिव्होल्टचा लहानसा प्रत्यावर्ती झटका १०० किलोहर्ट्झपासून १० मिलिहर्ट्झपर्यंतच्या वारंवारतेने देतात आणि त्या अडथळ्याचा नायक्विस्ट नावाचा आलेख काढतात. रेषा आडव्या अक्षाला डावीकडे जिथे छेदते तो सेलचा मूळ रोध. पुढे अर्धवर्तुळ असेल तर तो पृष्ठभागावरचा किंवा जोडणीतला अडथळा, मग सुमारे ४५ अंशांचा तुकडा म्हणजे छिद्रांत शिरणारे आयन, आणि शेवटी जवळजवळ उभी रेषा म्हणजे कपॅसिटर. अर्धवर्तुळ फार मोठं दिसलं तर पदार्थाला दोष देण्याआधी क्रोकोडाइल क्लिप गंजली आहे का ते बघावं.

राहिलं आयुष्य. एक फेरी एक मिनिटाची धरली तर ५,००० फेऱ्यांना साडेतीन दिवस लागतात. उघड्या बीकरमधलं पाणी तेवढ्यात उडतं, द्रावण तीव्र होतं आणि आलेख बदलतो, म्हणून सेल बंद हवा. मध्येच लाइट गेली तर फेऱ्या तुटतात, तेव्हा पोटेन्शिओस्टॅट यूपीएसवर. कधी क्षमता कमी होण्याऐवजी ११० टक्के दिसते. त्यात चमत्कार नाही, आधी कोरडी राहिलेली छिद्रं आता भिजली एवढंच. बाजारातल्या सेलकडून लाखो फेऱ्यांची अपेक्षा असते, आणि तिथे फेऱ्यांपेक्षा कडक परीक्षा वेगळीच घेतात: सेल कमाल व्होल्टेजवर, तापलेल्या पेटीत, शेकडो तास तसाच धरून ठेवायचा आणि क्षमता २० टक्के घटते कधी किंवा रोध दुप्पट होतो कधी ते बघायचं.

एक चाचणी मात्र निबंधांत क्वचित दिसते: स्वतःहून होणारी गळती. सेल पूर्ण चार्ज करायचा, वायर काढायच्या आणि व्होल्टेज कसं उतरतं ते पाहायचं. किंवा व्होल्टेज धरून ठेवायचं आणि ते टिकवायला किती प्रवाह लागतो ते ७२ तासांनी नोंदवायचं. कंपन्यांच्या माहितीपत्रकात हा आकडा असतो. प्रयोगशाळेत त्यासाठी नवं काही विकत घ्यावं लागत नाही. लागतो तो फक्त पोटेन्शिओस्टॅट, सलग तीन दिवस, आणि विभागात तो एकच असेल तर बाकीचे विद्यार्थी तेवढा वेळ सोडायला सहसा तयार नसतात.